परका खेळाडू आणि आपला खेळ : कौशल्याच्या रूपांतराविषयी एक विवेचन

१

एका परंपरेत घडलेला खेळाडू दुसऱ्या परंपरेच्या मैदानावर उतरला म्हणजे त्याच्या कौशल्याचे नेमके काय होते, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्रीडाशिक्षकांच्या कक्षेतला वाटेल. तथापि भाषेच्या अभ्यासकालाही त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. मातृभाषेत वाढलेला मनुष्य परभाषा बोलू लागला म्हणजे जे घडते, त्याच्याशी ह्या घटनेचे साम्य इतके निकट आहे की, एकाच्या अभ्यासाने दुसऱ्यावर प्रकाश पडावा. प्रस्तुत लेखात ह्या साम्याचा विचार कबड्डीच्या उदाहरणाने करावयाचा आहे.

उदाहरण निवडण्यामागे कारण आहे. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताचा २७-२४ असा पराभव केला. आदल्याच दिवशी पुरुषांच्या उपान्त्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरविले होते. १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताची होती. महिलांची २०१० आणि २०१४ ची दोन्ही पदके भारताचीच होती. ती अखंड परंपरा दोन दिवसांत खंडित झाली. नाशिककरांच्या दृष्टीने ह्या घटनेला आणखी एक बाजू आहे. इराणच्या विजयी महिला संघाच्या मार्गदर्शिका श्रीमती शैलजा जैन ह्या नाशिकच्या. दीर्घकाळ ह्या नगरीत मुलींना कबड्डी शिकविल्यानंतर त्या इराणला गेल्या, आणि सुमारे दीड वर्षात त्या संघाने सुवर्णपदक मिळविले.

ह्या निकालाचा अर्थ ‘परक्यांनी आपला खेळ उचलला’ एवढाच लावला, तर त्यातून काहीच शिकावयास मिळत नाही. परक्यांनी तो कसा उचलला, त्यासाठी आपल्या जवळचे काय टाकले, काय राखले आणि राखलेल्याला कोणते नवे स्थान दिले, हे पाहिले पाहिजे.

२

प्रथम दोन संकल्पना स्पष्ट करून घेऊ. फेर्दिनां द सोस्यूर ह्यांच्या १९१६ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषेची तुलना बुद्धिबळाशी केलेली आहे. घोड्याचे सोंगटे लाकडाचे की हस्तिदंताचे, ह्याला महत्त्व नाही. पटावरील इतर सोंगट्यांशी त्याचे जे नाते असते, त्यातून त्याचे मूल्य ठरते. शब्दाचेही तसेच. दुसरी संकल्पना युरीएल वाइनराइख ह्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या ‘व्यत्यया’ची. दोन भाषा एकाच वक्त्याच्या ठायी एकत्र आल्या म्हणजे एकीची वळणे दुसरीत शिरतात, आणि दुसरीचे नियम त्यामुळे ढळतात. मराठी मनुष्याच्या हिंदीत मराठीचा हेल येतो, तो ह्याच प्रकारचा.

खेळातील कौशल्याला ह्या दोन्ही संकल्पना लागू पडतात. एखादी पकड किंवा उडी ही शरीराची हालचाल खरी. पण तिचे मूल्य खेळाचे नियम, मैदानाची मापे, सहकाऱ्यांच्या जागा आणि गुणदानाची पद्धत ह्यांवरून ठरते. खेळाडू नव्या व्यवस्थेत येतो तेव्हा हालचाल तीच राहते, मूल्य मात्र बदलते. खेळाडूला हा बदल उमगला नाही, तर त्याचे जुने कौशल्य व्यत्यय ठरते. उमगला, तर तेच कौशल्य नव्या खेळात भर घालते. रूपांतराचा सारा प्रश्न ह्या दोन शक्यतांमध्ये आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

३

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये युरोपीय खेळाडूंचा जो प्रवेश झाला, तो ह्या प्रश्नाचे ठळक उदाहरण होय. खेळ एकच, तरी युरोपात सामना ४० मिनिटांचा, तर अमेरिकन व्यावसायिक संघटनेत ४८ मिनिटांचा. तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ६.७५ मीटरवर, तर तेथे समोरच्या बाजूस ७.२४ मीटरवर. शिवाय २००१ पासून तेथे बचाव करणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यावर पहारा न ठेवता टोपलीखालच्या क्षेत्रात तीन सेकंदांहून अधिक काळ उभे राहता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत ही मनाई नाही. म्हणजे युरोपात गर्दीतून वाट काढण्याची जी सवय लागते, तिचे मूल्य तेथे बदलते. आणि एकास एक अशा झुंजीत टिकणाऱ्या बळाचे मूल्य वाढते.

युगोस्लाव्हियाचा ड्राझेन पेत्रोविच युरोपातील अग्रगण्य खेळाडू म्हणून १९८९ साली पोर्टलंडच्या संघात गेला, तेव्हा त्याचा बराच काळ राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला. १९९१ साली न्यू जर्सीच्या संघात आल्यावर त्याच्या नेमबाजीला योग्य जागा मिळाली, आणि त्याचे कौशल्य अमेरिकनांना मान्य झाले. जर्मनीचा डर्क नोव्हित्स्की १९९८ साली तेथे गेला. उंच खेळाडूने टोपलीजवळ राहावे, हा तेथील रूढ संकेत. त्याने दुरून नेम साधण्याची आपली सवय सोडली नाही. उलट एका पायावर मागे झुकून चेंडू फेकण्याची त्याची लकब पुढे इतरांनी उचलली. २०११ साली त्याच्या डलासच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. परक्याचा हेल हाच येथे नव्या भाषेचा अलंकार झाला.

आपल्याकडील उदाहरण ह्याहून जुने आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीच्या कुस्तीत वाढलेले. मातीत निकाल चितपटीने लागतो. गादीवरच्या कुस्तीत वेळ ठरलेला असतो, आणि चितपट न होताही प्रत्येक यशस्वी डावाला गुण मिळतात. मातीत प्रतिस्पर्ध्याला दमवीत बसण्यात शहाणपण असते. गादीवर तेच कालहरण ठरते. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये जाधव सहावे आले. गादीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव त्यांना तोवर फारसा नव्हता. चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले, तेव्हा ‘ढाक’ हा त्यांचा आवडता डाव त्यांनी टाकून दिलेला नव्हता. तो मातीतलाच डाव होता. गादीवरच्या व्यवस्थेत त्याला नवे मूल्य प्राप्त झाले होते. ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याच गटात सुवर्णपदक मिळविणारा जपानचा शोहाची इशिई हाही मूळचा कुस्तीगीर नव्हता. महायुद्धानंतर जपानमधील परकीय प्रशासनाने जुदोवर बंदी घातल्यामुळे तो जुदो सोडून कुस्तीकडे वळला होता.

४

आता कबड्डीकडे वळू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र. प्रत्येक बाजूस सात खेळाडू. चढाई करणारा एकटा, बचाव करणारे सात, अशी ही विषम झुंज आहे. २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या व्यावसायिक प्रो कबड्डी लीगने ह्या चौकटीत खेळाची गती वाढविणारे काही नियम ठळक केले. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसरी चढाई निर्णायक होते. तीत गुण मिळाला नाही तर चढाई करणारा बाद. बचाव करणारे तीन किंवा त्याहून कमी उरले असता त्यांनी पकड केली, तर तिला एक गुण अधिक मिळतो. मराठी वृत्तपत्रे हिला ‘अव्वल पकड’ म्हणतात.

ह्या लीगमध्ये इराण, दक्षिण कोरिया, थायलंड इत्यादि देशांचे खेळाडू आले. कोरियाचा जँग कुन ली हा बंगालच्या संघाकडून चढाया करीत असे. धावता धावता हात लावून परतण्याची त्याची लकब प्रेक्षकांच्या चांगलीच परिचयाची झाली. परंतु परदेशीयांपैकी सर्वाधिक ठसा उमटविला तो इराणी खेळाडूंनी, आणि मेराज शेख ह्याच्यासारखे अपवाद वगळता त्यांतील बहुतेक नामवंत हे बचावपटू आहेत. फाझल अत्राचली डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. यू मुंबाच्या २०१५ च्या विजेत्या संघात तो होता. २०१८ च्या लिलावात एक कोटी रुपये मिळविणारा तो पहिला परदेशी खेळाडू ठरला. २०२२ च्या हंगामात त्याने पुणेरी पलटणचे नेतृत्व केले. मोहम्मदरझा शादलूई हाही डावा कोपरारक्षकच. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळविले, तेव्हा संघाचा कर्णधार नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार होता, आणि डाव्या कोपऱ्यात शादलूई होता.

इराणी खेळाडू बचावातच अधिक का चमकले? ह्याचे उत्तर त्यांच्या पूर्वपरंपरेत शोधावे लागेल. इराण हा कुस्तीचा देश. प्रतिस्पर्ध्याचा तोल ओळखणे, त्याचा पाय जमिनीवरून सुटण्याचा क्षण हेरणे, पकड आली की अंगाचा सगळा भार तिच्यामागे घालणे, हे कुस्तीचे पाठ कोपरारक्षकाला जवळजवळ जसेच्या तसे उपयोगी पडतात. घोट्याची पकड आणि मांडीची पकड ह्या कुस्तीगिराला परक्या नाहीत. चढाईची गोष्ट वेगळी. सात जणांची मांडणी एका दृष्टिक्षेपात वाचणे, खोटी चाल दाखवून एकाला जागेवरून हलविणे, बोनस रेषेवर पाय टाकावा की न टाकावा ह्याचा निर्णय क्षणात करणे, ही कला त्या खेळाच्याच सहवासात मुरावी लागते. भाषेचे उदाहरण द्यावयाचे तर, परभाषेतील शब्द लवकर येतात, वाक्यरचनाही येते. पण विनोद आणि व्याजोक्ती फार उशिरा येतात. चढाई ही कबड्डीतील व्याजोक्ती आहे.

तरीही कुस्तीचे ज्ञान जसेच्या तसे वापरले तर व्यत्यय येतोच. कुस्तीत प्रतिस्पर्धी एकच असतो आणि त्याला सोडून जावयाचे नसते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मध्यरेषेपर्यंत केवळ बोटाचे टोक पोहोचविले तरी पुरते. म्हणून पकड बळकट असणे पुरेसे नाही. ती मध्यरेषेपासून दूर, आणि शेजारचा मध्यरक्षक मदतीला येऊ शकेल अशा जागी, व्हावी लागते. एकट्याच्या धाडसाने घेतलेली पकड फसली, तर स्वतः बाद होऊन वर गुण द्यावा लागतो. कुस्तीगिराने येथे बळ नव्याने शिकावयाचे नसते. आपल्या बळाला सहा जणांच्या व्याकरणात बसवावयाचे असते. अत्राचलीच्या खेळातील संयम, म्हणजे चढाई करणारा खोलवर येईपर्यंत कोपऱ्यात थांबून राहणे, हे ह्या व्याकरणाचे फलित आहे. शादलूईची पद्धत याहून भिन्न. तो पुढाकार घेऊन झेपावतो. एकाच परंपरेतून आलेले दोन खेळाडू नव्या खेळात दोन निरनिराळ्या शैली निर्माण करतात, ह्यावरून रूपांतर म्हणजे नुसते अनुकरण नव्हे हे स्पष्ट व्हावे.

५

कोपरा आणि मध्य ह्यांची जोडी बोलल्यावाचून चालत नाही. अत्राचलीने हिंदी आत्मसात केली, आणि तो सहकाऱ्यांशी त्या भाषेत बोलतो. श्रीमती जैन ह्यांनी ह्याच्या उलट दिशेने प्रवास केला. इराणी मुलींना शिकविण्यासाठी त्यांनी फारसी शिकून घेतली, आणि सरावात योगासने व प्राणायाम ह्यांचा समावेश केला. मार्गदर्शकाने शिष्यांची भाषा शिकावी, ही गोष्ट व्यवहारात दिसते त्याहून अधिक खोल आहे. कारण शरीराला सूचना द्यावयाची तर ती त्या शरीराला जन्मापासून परिचित असलेल्या शब्दांतच लवकर पोहोचते.

आणि येथे मराठी माणसाला एक अनपेक्षित सोय आहे. आखाड्याची आपली कितीतरी परिभाषा मूळची फारसीच आहे. ‘मैदान’, ‘कुस्ती’, ‘पहिलवान’, ‘जोर’, ‘पंजा’, ‘कमर’, ‘दम’ हे शब्द इराणी मुलीला थोड्याफार उच्चारभेदाने आपलेच वाटतील. माधव जूलियन ह्यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा असे शेकडो शब्द त्यांनी नोंदविले. ह्यापलीकडे दोन्ही भाषांचे मूळ नातेही आहे. फारसीत गुडघ्याला ‘ज़ानू’ म्हणतात, संस्कृतात ‘जानु’. हाताला ‘दस्त’, संस्कृतात ‘हस्त’. पायाला ‘पा’, मराठीत ‘पाय’.

परंतु जेथे साम्य अधिक, तेथेच फसगत अधिक, हा भाषासंपर्काचा अनुभव आहे. मराठीत ‘बाजू’ म्हणजे दिशा किंवा कड. फारसीत ‘बाज़ू’ म्हणजे दंड. मराठीने ‘बाजूबंद’ ह्या शब्दात मूळ अर्थ जतन केला आहे, एरवी तो हरपला. ‘बाजू सांभाळ’ ह्या सूचनेत मराठी मार्गदर्शकाला राखीव क्षेत्राची कड अभिप्रेत असेल, आणि इराणी शिष्येच्या मनात दंड उभा राहील. खेळाच्या हालचालींचेही असेच असते. कुस्तीतील कमरेची पकड आणि कबड्डीतील कमरेची पकड दिसावयास सारख्या. पण एकीचा हेतू उचलून टाकणे, दुसरीचा रोखून धरणे. सारख्या दिसणाऱ्या गोष्टींचे भिन्न मूल्य ओळखणे, हेच रूपांतराचे सर्वांत अवघड अंग आहे.

‘दम’ ह्या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. मराठीत श्वास, टिकाव आणि धाक असे तिन्ही अर्थ त्याला आहेत. आपल्या हुतूतूत चढाईची मर्यादा दमानेच ठरत असे. दम तुटला की गडी बाद. इराणमध्येही श्वास रोखून खेळावयाचा ‘ज़ू’ नावाचा एक देशी खेळ आहे. त्यात ‘ज़ू’ हा ध्वनी लांबवीत न्यावयाचा असतो. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हा भेद रंजक आहे. ‘ज़ू’ मधील घर्षक आणि दीर्घ स्वर ह्यांत श्वासाचा प्रवाह अखंड वाहतो. ‘कबड्डी’ मधील क, ब, ड्ड हे स्पर्श वर्ण. त्यांच्या उच्चारात प्रवाह क्षणोक्षणी अडविला जातो. त्यामुळे एकाच श्वासाची वाटणी ह्या दोन घोषांत वेगवेगळ्या प्रकारे करावी लागते. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. घोष आवश्यक असला तरी कालाचे माप घड्याळाकडे गेले आहे. म्हणजे दमाचेही मूल्य बदलले. पूर्वी तो चढाईची सीमा होता. आता ३० सेकंदांच्या आत डोके शांत ठेवण्याचे ते साधन आहे. प्राणायामाला सरावात स्थान देणे ह्या नव्या मूल्याशी सुसंगतच म्हटले पाहिजे.

६

उपमेची मर्यादा येथे सांगितली पाहिजे. भाषेत जय-पराजय नसतो. हेल असलेली हिंदी बोलणारा मनुष्य समजला गेला की त्याचे काम झाले. खेळाडूचे काम मात्र प्रतिस्पर्ध्याने उत्तर शोधले की पुन्हा नव्याने सुरू होते. तसेच भाषा लहानपणी सहज येते. खेळाडूला शरीराची सवय जाणीवपूर्वक मोडावी लागते, आणि त्यात दुखापतीचा धोका असतो.

ह्या मर्यादा मान्य करूनही एक निष्कर्ष निघतो, आणि तो महाराष्ट्राला लागू आहे. खेळाच्या जन्मभूमीतील खेळाडूला रूपांतराची गरज नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः मातीतून मॅटवर आलेला आपला खेळाडूही एका अर्थी परकाच असतो. मातीत पाऊल थोडे घसरते, आणि त्या घसरण्यावर चढाईची लय बसलेली असते. मॅटवर बूट घातलेला पाय जागीच रुततो, वळण झटक्याने घ्यावे लागते आणि गुडघ्यावर ताण येतो. मातीतली झेप अंग खरचटविते, म्हणून बचावपटू ती राखून वापरतो; मॅटवर तीच झेप नित्याची होते. नवशिक्याला निदान आपण शिकत आहो ह्याची जाणीव असते. जाणत्याला ती नसते. जकार्ता येथील दोन पराभवांची कारणे अनेक असतील. पण आपले ज्ञान हेच पुरेसे आहे, ह्या समाधानाला त्यांनी धक्का दिला, हे नाकारता येणार नाही.

दुसरा निष्कर्ष मार्गदर्शकांविषयी. इराणने आपल्या मुलींसाठी नाशिकची शिक्षिका नेली. तिने त्यांची भाषा घेतली, त्यांनी तिचा खेळ घेतला. ह्यात कोणी कोणाचे काही हिरावून घेतले नाही. ज्ञान देणाऱ्याजवळचे ज्ञान देण्याने उणे होत नाही. उलट परभाषेत मांडताना ते देणाऱ्यालाच अधिक स्पष्ट होते. अशा शिक्षकांचा अनुभव आपल्या क्रीडासंस्थांनी मागून घ्यावयास हवा. तो घेतला गेला नाही, तर तोटा आपलाच आहे.

तिसरी गोष्ट आपल्या विभागाच्या कक्षेतील आहे. मॅटवरील कबड्डीबरोबर ‘रेड’, ‘टॅकल’, ‘कॉर्नर’ हे शब्द आमच्या मुलांच्या तोंडी आले आहेत, आणि ‘चढाई’, ‘पकड’, ‘कोपरा’ हे मागे सरत आहेत. शब्द बदलल्याने खेळ बिघडतो असे नव्हे. पण प्रत्येक गावच्या मंडळात पकडींना, पवित्र्यांना, पाय काढून घेण्याच्या लकबींना जी नावे होती, त्या नावांत त्या हालचालीचे निरीक्षण साठविलेले होते. नाव गेले की निरीक्षण पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. सिन्नर, निफाड, येवला, मालेगाव अशा तालुक्यांतील जुन्या खेळाडूंकडून ही नावे, त्यांचे अर्थ आणि त्यांची प्रात्यक्षिके पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नोंदवून घेतली, तर बोलीविज्ञानाला आणि क्रीडाशिक्षणाला सारखाच लाभ होईल. प्रत्येक नावासोबत ती हालचाल मॅटवर टिकली की नाही, आणि टिकली असल्यास तिचे स्थान कोणते, हेही विचारावे. ही माहिती ज्यांच्याजवळ आहे ती पिढी आता वयोवृद्ध आहे. म्हणून ह्या कामाला विलंब लावणे योग्य होणार नाही.